मेलेल्या गाडीचं दावं

तो प्रसंग अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेला नाही. खरं सांगायचं तर मीच त्याला हलू देत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, रात्र रात्र जागवणारे गुन्हेही पाहिले. पण चार माणसं जमली आणि कोणी म्हणालं, ‘साहेब, एखादी केस सांगा,’ की मी खुर्ची पुढे ओढतो, घसा साफ करतो आणि हीच सांगतो. तीन वर्षं जागची न हललेली एक गाडी एका सकाळी महामार्गावर ऐंशीच्या वेगाने पळाली आणि एका माणसाचा पाय मोडून गेली, एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. नावं मात्र मी कोणाचीच घेणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि एक बाई तर अजून माझ्यावर थोडी रागावलेली आहे.

तेव्हा मी धुळे जिल्ह्यात महामार्गावरच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू होती. ठाणे अंमलदाराने फोन उचलला, ऐकलं आणि मला हाक मारली. सोनगीरच्या अलीकडे चहाची टपरी चालवणारा एक माणूस बोलत होता. पांढऱ्या गाडीने दूधवाल्याच्या मोटारसायकलला धडक दिली होती आणि गाडी न थांबता निघून गेली होती. टपरीवाला मोठा हुशार निघाला. कागद-पेन सापडेना म्हणून त्याने पानाचा चुना बोटावर घेतला आणि नंबर टपरीच्या फळीवर लिहून ठेवला. आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्यावर दूध पसरलेलं होतं, कॅन चेपले होते आणि दूधवाला दवाखान्यात गेला होता. नडगीचं हाड मोडलं होतं. फिर्याद घ्यायला गेलो तर तो मला विचारतो, ‘साहेब, संध्याकाळी म्हशी कोण पिळणार?’ म्हटलं, गाडीवाला सापडेल, ते बघतो.

नंबरवरून मालक निघाला तो अमळनेर तालुक्यातल्या एका गावचा कापूस पिकवणारा शेतकरी. जिल्हा दुसरा, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि माझ्या हवालदाराला आणि दोन शिपायांना घेऊन जीपने निघालो. मनात खटला जवळजवळ संपलाच होता. नंबर आहे, मालक आहे, आता गाडी ताब्यात घ्यायची एवढंच काम उरलं आहे, अशा थाटात मी गावात उतरलो.

मालक म्हणजे नाना. सत्तरीचे, अंगाने काटक, डोक्यावर पांढरी टोपी. ओट्यावर बसून वखराच्या दांड्याला खिळा ठोकत होते. गावात त्यांचं एक वेगळं स्थान होतं, ते मला नंतर कळलं. आसपासच्या दहा गावांत बैलाचा सौदा झाला की मध्ये नाना लागायचे. नानांनी ‘बैल बिनखोडीचा शे’ म्हटलं की घेणारा बैलाचे दात मोजायच्या भानगडीत पडत नसे. म्हणजे त्या माणसाची सगळी कमाई त्याच्या शब्दात होती. आणि मी नेमका त्या शब्दावरच पाय ठेवणार होतो.

‘नाना, तुमची पांढरी गाडी कुठे आहे?’

‘गयी, साहेब. इकी टाकी.’

‘कोणाला विकली?’

‘भंगारवाला शेठले. रोख पैसा दिधा नि ओढी लयी गया.’

‘पावती?’

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांच्या घरच्या सुनेला तिच्या जन्माचा दाखला मागितला होता. ‘पावती कसानी? शब्द शे ना.’

‘तुमची गाडी काल सकाळी सोनगीरजवळ होती. माणूस उडवलाय तिनं.’

नानांनी खिळा खाली ठेवला. ‘साहेब, ती गाडी तीन वरीसपासून मरेल शे. मरेल बैल सोनगीरले कसा जाई?’

एव्हाना ओट्याखाली माणसं जमली होती. ती हसली. पोलीस अधिकाऱ्याला शिवी सहन होते, दगडही सहन होतो, पण लोक हसले की त्याचा तोल जातो. माझाही गेला. मी नानांना, जबाब नोंदवायचा म्हणून, सगळ्या गावासमोर जीपमध्ये बसवलं. मागच्या बाकावर, दोन शिपायांच्या मध्ये. त्याची काही गरज नव्हती. ‘उद्या ठाण्यात या’ म्हटलं असतं तर तो माणूस पहिल्या एसटीने आला असता.

ठाण्यात मी कागद पुढे ओढला. नानांनी सांगायला सुरुवात केली आणि मला घाम फुटला. विकण्याआधी त्यांनी गाडीची तयारी केली होती, पूर्ण आठ दिवस, आणि ती तयारी त्यांना मला पहिल्या दिवसापासून सांगायची होती. इंजिन जाम झाल्यापासून गाडी अंगणात लिंबाखाली उभी होती आणि हळूहळू तिची कोठी झाली होती. मागच्या बाकावर लाल मिरचीची पोती, डिकीत सरकी, पुढे ड्रायव्हरच्या जागेवर एक कोंबडी अंडी घालायची. शेठने फोनवर सौदा ठरवला आणि शुक्रवारी येतो म्हणाला. लगेच नानांनी मिरची काढली. मिरचीच्या खकाण्याने घरातली सगळी शिंकायला लागली. मग आतून झाडून घेतलं. टायर बसले होते, ते सायकलच्या पंपाने भरले, त्यात अर्धा दिवस गेला. गाडी धुतली. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या मालकिणीने, बोनेटला हळदकुंकू लावलं.

‘नाना, मुद्द्याचं बोला.’

‘मुद्दाच शे, साहेब. मंग मी दावं...’

‘बैलाचं नंतर. गाडीचं बोला.’

‘गाडीनंच सांगी ऱ्हायनू. शुक्रवारले शेठ उना, पण दावं...’

‘नाना! शेठ आला. मग?’

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, ‘मंग काय. त्यानी सांगं तठे सह्या करी दिध्या. गाडी गयी.’

मी लिहिलेला जबाब अकरा ओळींत संपला. सुटसुटीत, स्वच्छ. कोणताही सरकारी वकील खूश झाला असता. नानांनी गाडीचं नोंदणीपुस्तक दिलं होतं, नंबरच्या दोन्ही पाट्या गाडीवर तशाच ठेवल्या होत्या आणि हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या होत्या. शेठचा फोन नंबर लावला तर बंद. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. तोपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं: गाडी चालू होती, घरातलंच कोणीतरी चालवत होतं आणि म्हातारा त्याला पाठीशी घालतो आहे. संध्याकाळी नानांना सोडलं आणि सकाळी पुन्हा हजर राहायची समज दिली. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, ‘साहेब, गावले मी काय सांगू?’

दुसऱ्या दिवशी नाना एसटीने आले, वेळेआधी. बरोबर अक्का होत्या. हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा डबा, डोक्यावर पदर घट्ट आणि चेहऱ्यावर असा भाव की आमच्या दारावरच्या शिपायाने त्यांना न विचारताच आत सोडलं. इकडे हवालदाराने माझ्या सांगण्यावरून नानांच्या अटकेचे कागद काढले होते. ते टेबलावर दिसत होते. अक्कांना वाचता येत नव्हतं, पण कागद कशाचे ते त्यांनी माझ्या तोंडावरून वाचलं.

‘साहेब, तुम्ही या माणूसले इचारी ऱ्हायनात,’ त्या म्हणाल्या. ‘त्या शेठले का नही इचारत? तो त्या पत्रासाठे दोनदाव मन्हा दारशे उना.’

‘कसला पत्रा?’

‘दावं!’ एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला हेही कळू नये याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं. ‘गाडीनं दावं.’

नानांनी मान वर केली नाही. ‘मी तेच सांगी ऱ्हायंतू,’ ते हळूच म्हणाले.

आता वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे बैल किंवा गाय विकली तर जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही. घेणारा आपली दोरी घेऊन येतो. विकणारा आपलं दावं सोडून घरात ठेवतो. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. माझे आजोबासुद्धा हेच करायचे. या घरातून गाडी निघाली तेव्हा अक्कांनी नवऱ्याला विचारलं, हिचं दावं कुठे आहे? नाना विचारात पडले. स्टेअरिंग काढावं तर शेठ ओरडेल. आरसा काढावा तर तो आधीच फुटलेला. शेवटी बोनेट उघडलं तर आत रिबिटांनी ठोकलेला चार बोटांचा एक पत्रा दिसला, त्यावर अक्षरं आणि आकडे कोरलेले. नाना म्हणाले, हे हिचं नाव-गाव दिसतंय, हेच दावं. छिन्नीने रिबिटा तोडल्या, पत्रा काढला, अक्कांनी तो फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत ठेवला. शेठने घाईत बोनेट उघडून पाहिलंच नाही.

आठ दिवसांनी तो धापा टाकत परत आला. पत्रा द्या म्हणाला, पैसे देतो म्हणाला. अक्कांनी नाही सांगितलं. पुन्हा आला, दुप्पट देतो म्हणाला. अक्का म्हणाल्या, दावं देवानं नही ऱ्हास, म्हणजे दावं द्यायचं नसतं. तेव्हा तो म्हणाला, विचार करा, पुढच्या सोमवारी अमळनेरच्या बाजूला येणार आहे, तेव्हा येतो.

मी खुर्चीतून उठलोच. तो चार बोटांचा पत्रा म्हणजे गाडीच्या चासीचा क्रमांक असलेली कंपनीची पट्टी. लोखंड किलोने विकणाऱ्या माणसाला ती काय करायची आहे? ती एकाच माणसाला लागते. ज्याच्याकडे त्याच जातीची, त्याच रंगाची चोरीची गाडी आहे आणि जिला सभ्य माणसाचं नाव चिकटवायचं आहे, त्याला. पुस्तक मिळालं, पाट्या मिळाल्या, कोऱ्या सह्या मिळाल्या. चोरीच्या गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला मूळ क्रमांक घासून तिथे नानांच्या गाडीचा ठोकता येतो. पण बोनेटखाली पट्टीची जागा रिकामी दिसली तर जाणता गिऱ्हाईक पुढे येत नाही. त्याचं सगळं गणित अडलं होतं ते ज्वारीच्या कोठीत.

मी हवालदाराकडे पाहिलं. त्याने अटकेचे कागद उचलून कपाटात ठेवले.

सोमवारी मी अक्कांचा भाऊ झालो. शिरपूरकडचा. पायजमा, शर्ट, खांद्यावर मोठा रुमाल. हवालदार गोठ्यात कडब्याची पेंढी घेऊन बसला. स्थानिक ठाण्याचे दोघे शेजारच्या घरात. मला वाटलं, वा, काय सोंग वठलंय! अक्कांना ते मान्य नव्हतं.

‘मन्हा भाऊ असा पायवर पाय टाकीसन बसत नही.’

पाय खाली घेतला.

‘नि असा मन्हा तोंडकडे देखत नही. त्याले मन्ही धास्ती वाटस.’

‘तीही वाटते, अक्का,’ मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं.

नाना कोपऱ्यात पोत्यावर बसले होते. त्यांना काही बोलू नका म्हणून सांगितलं होतं. खोटं बोलायचं असेल तर मला जमणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मी म्हटलं, तुम्ही फक्त बसा, खोटं आम्ही बोलतो, आम्हाला पगार मिळतो.

शेठ आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात पांढरे बूट. ‘मावशी, काय ठरवलं?’

‘मन्हा भाऊले इचार. घरमा त्यानंच चालस.’ अक्कांच्या घरात कोणाचं चालतं हे मला दोन दिवसांत कळलं होतं, त्यामुळे हसू दाबायला मला मिशी कुरवाळावी लागली.

‘मामा, तो पत्रा काही कामाचा नाही हो,’ शेठ म्हणाला. ‘तुमच्याकडे पडून राहणार.’

‘कामाचा नाही तर तुम्ही तिसऱ्यांदा का आलात?’

‘सरकारी कागदाला लागतो. गाडी मोडीत काढल्याची नोंद करायची आहे. ते राहिलं तर उद्या नानांनाच त्रास.’

बघा, किती सुबक बोलला. एकही शब्द जास्त नाही. ना मिरची, ना कोंबडी. तिथेच मला माझा अकरा ओळींचा जबाब आठवला आणि कान गरम झाले.

‘द्यायचं तर देऊ,’ मी म्हणालो. ‘पण दावं आहे, भाव बरा पाहिजे.’

त्याने आकडा सांगितला. मी तोंड फिरवलं. त्याने वाढवला. मी म्हटलं, ‘तोंडानं भाव करता? आम्ही बैलबाजारातली माणसं. रुमालाखाली बोला.’

ही रीत जुन्या बाजारात होती. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचा, म्हणजे चारचौघांना आकडा कळत नाही. शेठ हसला. शहरी माणसाला खेड्यातली गंमत म्हणून ती आवडली असावी. त्याने हात पुढे केला. मी रुमाल टाकला. त्याने माझी दोन बोटं दाबली. मी नाही म्हणून मान हलवली. त्याने तीन दाबली. मी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी चेहरा असा केला, की तीन बोटांत तर त्या कोठीचं झाकणही उघडणार नाहीत. शेठने चार बोटं दाबली. मग मी त्याची चारही बोटं पकडली, वर मनगट पकडलं आणि सोडलंच नाही.

‘मामा, झाला ना सौदा? हात सोडा.’

‘मी सोडला असता हो,’ मी म्हणालो, ‘पण तो आता सरकारनं धरलाय.’

गोठ्यातून हवालदार कडब्याची पेंढी घेऊनच बाहेर आला. ती टाकायचंही त्याला सुचलं नाही. शेठच्या डोळ्यांवरचा चष्मा निसटून ओट्यावर पडला आणि अक्कांनी तो उचलून, पदराने पुसून, त्याच्या खिशात ठेवला. घरी आलेल्या माणसाची वस्तू होती ना.

चौकशीत मी त्याला एकच प्रश्न विचारला आणि तोच पुन्हा पुन्हा विचारला. भंगार घेणाऱ्याला पट्टी कशाला? आवाज चढवला नाही, हात लावला नाही. पहिल्यांदा तो म्हणाला, कागदासाठी. दुसऱ्यांदा म्हणाला, गिऱ्हाइकासाठी. तिसऱ्यांदा मी विचारलं, ‘भंगाराला गिऱ्हाईक बोनेट उघडून बघतं?’ तेव्हा त्याने माझ्या टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. आरोपीने पाणी मागितलं की आम्ही कोरा कागद घेतो.

धुळ्याच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही गाड्या सापडल्या. पुढे चोरीची गाडी, तिच्यावर नानांच्या नंबरच्या पाट्या, डावा दिवा फुटलेला, दिव्याच्या खोबणीत दूधवाल्याच्या मोटारसायकलचा रंग. गिऱ्हाइकाला दाखवायला नेताना त्या सकाळी शेठच ती चालवत होता. बोनेटखाली पट्टीची जागा रिकामी. मागे नानांची गाडी, पाट्यांशिवाय. तिच्या सांगाड्यावरच्या मूळ क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घेतला, तो नानांच्या पट्टीशी तंतोतंत जुळला. पंचनामा लिहिताना पंच म्हणाला, ‘साहेब, या गाडीच्या बोनेटवर हळदकुंकू आहे, तेही लिहायचं?’ मी म्हटलं, आधी तेच लिहा.

नानांना मी घरी सोडायला गेलो. या वेळी जीपमध्ये पुढच्या सीटवर. पारापाशी जीप थांबवली, उतरलो आणि तिथे बसलेल्या माणसांना मोठ्याने सांगितलं, की नानांचा शब्द पहिल्यापासून खरा होता आणि चूक माझी झाली. वरिष्ठांना कळलं असतं तर त्यांना ते आवडलं नसतं. पण ज्यांच्यासमोर नेलं त्यांच्यासमोरच सांगायला हवं होतं.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक साधी आहे, आणि ती ज्याच्या दारात बंद पडलेली गाडी उभी आहे त्याच्यासाठी. रोख पैसे दिसले की घाई होते. पण घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, तारखेसह पावती लिहून घ्या, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, परिवहन कार्यालयाला कळवा आणि भंगारात द्यायची असेल तर अधिकृत केंद्रातच देऊन दाखला घ्या. दुसरी गोष्ट माझ्या धंद्याची. खरं बोलणारा माणूस फाफटपसारा सांगतो, कारण ते सगळं त्याच्याबाबतीत घडलेलं असतं. खोट्याचं बोलणं आवरलेल्या दिवाणखान्यासारखं असतं. ‘मुद्द्याचं बोला’ असं म्हणून मी आयुष्यात किती मुद्दे घालवले असतील, देव जाणे. त्यानंतर जबाब संपला की मी पेन खाली ठेवत नसे. आणखी काही? आणि आणखी? असं विचारत बसायचो. हवालदार वैतागायचे.

नानांचा पुरवणी जबाब मी त्यांच्या ओट्यावर बसून स्वतः लिहिला. साडेपाच पानं झाली. मिरची, पंप, कोंबडी, हळदकुंकू, सगळं घेतलं. मग नियमाप्रमाणे वाचून दाखवला. नाना डोळे मिटून ऐकत होते. एका जागी त्यांनी हात वर केला.

‘काय चुकलं, नाना?’

‘तुम्ही लिखं, भंगार गाडी इकी. भंगार लिखू नका, साहेब. बंद व्हती. भंगार नव्हती.’

अक्का दारातून म्हणाल्या, ‘तिनी मन्ही पोर सासरले पोचाडी.’

मी ‘भंगार’ शब्द खोडला. वर लिहिलं, ‘बंद असलेली, घरची गाडी’. खाडाखोडीच्या बाजूला मी सही केली आणि कागद नानांपुढे सरकवला. त्यांनी टोपी नीट केली, पेन घेतलं, सही केली.